आमच्या धरणावरचा नौकाविहार

लवू पिलणकर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत आमच्या धरणाचा दगड होता.

१९८५च्या डिसेंबरातला सोमवार. देवरूखचं कॉलेज आटपून मी एस.टी.तून उतरले आणि धरणाच्या बांधावरून वाडीकडे निघाले. आदल्या दिवशी रत्नागिरीहून दोन टेम्पो भरून सहलवाले येऊन गेले होते. लाटांनी बांधाची माती धुऊन जाऊ नये म्हणून पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. सहलवाल्यांना हे दगड चुलीसाठी भारी आवडायचे. तीन दगड उपटायचे, कोंबडीचा रस्सा शिजवायचा, रेडिओ लावून लोळायचं आणि दगड तिथेच काळे करून निघून जायचं. धरण मातीचं आणि त्याच्या खाली आमची सत्तावीस घरं, पण रस्सा खाणाऱ्यांना खालची घरं दिसत नाहीत.

"ठेवा तो दगड," मी वरूनच म्हणाले. "तुमच्या घराचे चिरे काढून आम्ही कधी चूल मांडली नाही."

तो वळला. उंच, सावळा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ठेवतोच आहे."

"कुठे, रश्श्याखाली?"

"जिथला तिथे." आणि त्यानं तो दगड खरंच एका खड्ड्यात बसवला, हातोडीनं ठोकला.

मी तरी बोलतच राहिले. एकदा तोंड सुटलं की ते माझं मलाही आवरत नाही. लाज काढली, अक्कल काढली... तेव्हा कुठे त्याच्यामागे नीट भरलेली खड्ड्यांची रांग मला दिसली. आमच्या धरणावर नुकताच हंगामी नेमलेला ओव्हरसियर म्हणतात तो हाच.

"झालं असेल तर ती कपची द्या," तो म्हणाला. "नसेल झालं तर चालू द्या. मी ऐकतोय."

मी ओशाळले, आणि ओशाळले म्हणून आणखीच चिडले. कपची दिली. बोटाला बोट लागलं... दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

त्यानंतर दर सोमवारी आम्ही दोघं सहलवाल्यांनी उपटलेले दगड परत बसवायचो. मांडवीच्या समुद्रावर वाढलेला मुलगा, पण आमच्या त्या मातीच्या बांधावर त्याचा फार जीव. बांधाच्या पायथ्याशी एक पाझर होता, वाडीतल्या बाया तिथे धुणी धुवायच्या. तो पाझर स्वच्छ आहे तोवर धरणाला नुसता घाम येतोय असं समजायचं, आणि गढूळ झाला तर आतली माती वाहून चालली आहे, हे त्यानंच मला शिकवलं. शिकवताना तो पाण्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. एकदा त्यानं ते पकडलं.

"पाझर तिकडे आहे, जनीबाय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "गढूळ झालाय का ते बघत होते."

तो हसला आणि कानापर्यंत लाल झाला. इतका मोठा माणूस, पण एवढ्याशा बोलण्यानं विरघळायचा.

जानेवारीत वरच्या साहेबांचं फर्मान आलं. सव्वीस तारखेला धरणावर नौकाविहार. किनाऱ्यावरून होडी येणार, बांधावर मांडव पडणार, पाहुण्यांच्या बायका खुर्च्यांवर बसून गार वारा खाणार. तोवर पाणी बोटभरही उतरवायचं नाही. मला संताप आला. ज्या बांधावरून आम्ही बैलगाडीसुद्धा नेत नव्हतो, त्याच्यावर खुर्च्यांचे ट्रक चढणार होते.

आणि त्याच आठवड्यात लवूनं आमच्या काजींचा, म्हणजे काजूच्या झाडांचा, विषय काढला. बांध पुरा झाला त्या वर्षी माझ्या बाबांनी, म्हणजे रावजींनी, वाडीकडच्या उतारावर अकरा काजी लावल्या होत्या. एवढी मोठी उघडी उतरण कोकणातल्या माणसाला बघवत नाही, तिथे काहीतरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यातली एक रोठा, म्हणजे खोडकिडा, लागून मेली, ती तोडून बाबांनी जळणाला आणली. उरलेल्या दहा चांगल्या धरल्या होत्या. लवू म्हणाला, सगळ्या काढायला हव्यात. झाडांची मुळं मातीच्या बांधाला पोखरतात.

"बरोबर," मी म्हटलं. "रस्सेवाल्यांना एक शब्द बोलायची तुमची छाती नाही, साहेबांपुढे मान खाली. आणि कुऱ्हाड मात्र आमच्या काजींवर."

त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं... पण मी तोवर निघून गेले होते. आठवडाभर बोलले नाही. एकटा दगड बसवताना तो दिसायचा, आणि मी वरच्या पाणंदीनं घरी जायची. माझाच राग मला जड झाला होता, पण खाली ठेवायचा कसा ते कळत नव्हतं.

तेवीस तारखेला सकाळी मी पाझरावर धुणं घेऊन गेले. बाबांचं पांढरं धोतर पाण्यात बुडवलं आणि वर काढलं तर ते तांबूस. ओंजळीत पाणी घेतलं, तळाशी माती बसली. वर बघितलं. बरोबर वरच्या बाजूला मेलेल्या काजीचं खोड होतं. झाड बाबांनी नेलं होतं, मुळं तशीच आत राहिली होती. ती कुजली आणि त्यांच्या पोकळीतून पाण्याला वाट मिळाली. महिनाभर मी ज्यांच्या नावानं बोटं मोडत होते त्यांतलं कुणीही नव्हे, आमच्याच घरानं हे केलं होतं.

मी धुणं तिथेच टाकून धावले. लवू सांडव्यापाशी होता. त्यानं पाणी पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी उतरवू द्या म्हणून त्यानं साहेबांना आधीच दोनदा लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तो देवरूखला जाऊन फोन करून आला. सव्वीसनंतर बघू, असं उत्तर मिळालं. आणि हुकमाशिवाय पाणी सोडायची चावी फिरवली तर उद्यापासून कामावर यायचं नाही, हेही.

"मंग?" मी विचारलं. "तीन दिवस आमी खाली बसून वाट बघायची? तुमची वाडी असती खाली, तर थांबला असतात?"

"माझी वाडी खाली नाही," तो म्हणाला. "तू आहेस खाली."

पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं. तो धरणातलं पाणी सोडायच्या मोरीच्या खोलीत गेला आणि त्यानं धरणाची चावी पूर्ण फिरवली. ओढ्याला भर जानेवारीत पूर आल्यासारखं पाणी धावलं.

नुसतं पाणी सोडून भागणार नव्हतं. पाझर बंदही करायचा नाही, नाहीतर पाणी दुसरीकडून फुटेल. त्याला येऊ द्यायचं, पण माती आणू द्यायची नाही. म्हणून आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठे दगड. सगळी वाडी टोपल्या घेऊन नदीवर गेली. माझ्यामागे येसूबाई काकी, सत्तरीची, अर्धी टोपली घेऊन. बाबा एकटेच बांधाखाली त्या खोडाकडे बघत उभे होते.

"माज्या हातचा हाय ता," ते लवूला म्हणाले. "चांगला म्हनून लावला, पोरा."

"चांगल्यासाठीच लावलंत, रावजीकाका," लवू म्हणाला. "पाणी उतरलं की मुळं खणून काढू. मी असेन तुमच्याबरोबर."

दुपारी टोपली रिकामी करताना मी त्याच्याजवळ थांबले. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. महिनाभरात हजार शब्द त्याच्या अंगावर फेकले होते, आणि हे दोन निघेनात.

"ऐकतोय मी," तो हळूच म्हणाला.

"चुकलं," मी म्हटलं, आणि पदरानं त्याच्या कपाळावरची वाळू पुसली. सगळ्या वाडीनं पाहिलं. पाहू दे.

संध्याकाळपर्यंत पाझर निवळला.

सव्वीसला साहेब पाहुण्यांना घेऊन आले. मांडव होता, खुर्च्या होत्या, होडी चिखलात तिरकी पडली होती. साहेब पाहुण्यांदेखत लवूवर ओरडले. मी पुढे झाले, म्हटलं, बूट काढा आणि खाली येऊन बघा काय झालं होतं ते. ते माझ्याशी बोललेच नाहीत. तिथेच त्यांनी लवूला घरी जायला सांगितलं. पुढे कागदोपत्री, साहेबांच्या दक्षतेमुळे धरण वाचल्याची नोंद झाली. अजून ते आठवलं की माझं डोकं तापतं.

पाहुणे गेल्यावर लवू पिशवी घेऊन बांधावर आला. मांडवीला घरी जातो म्हणाला. मुळं खणायला फावल्या दिवशी येईन, आता सगळेच दिवस फावले. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "एक विचारायचं होतं... पण आता नोकरी नाही. कुठल्या तोंडानं विचारू?"

मग मात्र माझा खरा संताप झाला. सत्तावीस घरांसाठी ज्यानं नोकरी घालवली, त्यानं त्याच घरांपुढे मान खाली घालावी?

"ज्या तोंडानं साहेबांचं ऐकून घेतलंत, त्याच तोंडानं विचारा," मी म्हटलं. "पण आधी मला."

त्यानं विचारलं. नीट, मान वर करून.

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला घेऊन भर दुपारी बांध उतरले. सत्तावीसही घरांची माणसं खळ्यात बसली होती. आम्ही येताना पाहून येसूबाई काकी उठून उभी राहिली, मग शेजारचे उठले, मग सगळेच. लवू गोंधळून थांबला.

"हे सगळे का उठले?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. "चला, बाबा वाट बघतायत."