कालकथित पौर्णिमा थूल

डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानं उडाला आणि नेमका त्याच्या पिवळ्या रंगाच्या डब्यात पडला. किमोनं केस गेलेलं माझं डोकं, असं भर सकाळी उघडं... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

"थांबा, हात नका लावू, रंग ओला हाय," तो म्हणाला. माझ्या डोक्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. गळ्यातला दुपट्टा तेवढा पुढे केला. "हा बांधा. धुतलेला हाय."

हा निकेश. वर्ध्यात पाट्या रंगवतो. पिपरीजवळच्या आमच्या टेकडीवर लोक गेलेल्या माणसाच्या नावानं झाड लावतात, त्यांच्या पाट्या हाच लिहितो आणि रोज सकाळी झाडांना पाणीही घालतो. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. मग काय, रोजचीच भेट आणि रोजचंच भांडण.

"दोन झाडं झाली की बसता काऊन?"

"पेशंट आहो मी!"

"पेशंट असा भांडत नाई, बाई."

तिसऱ्या डोसनंतर मला कशाचाही वास सहन होईना. वरणाची फोडणी, साबण, सगळ्यानं मळमळायचं. फक्त कडुनिंबाचा मोहर तेवढा चालायचा. निकेशला कळलं, तेव्हापासून दर डोसच्या दिवशी मोहराची डहाळी घरी यायची. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंच नाही. तो मला आवडायला लागला होता, आणि त्याचीच भीती वाटायची. मी गेले तर याचं काय? म्हणून ठरवलं, रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

माझ्या वाढदिवसाला त्यानं मला टेकडीवर बोलावलं. करंजाचं छोटंसं रोप, शेजारी नवीकोरी पाटी — 'कालकथित पौर्णिमा थूल'.

आमच्या बौद्ध समाजात मेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात.

"काऊन रे, मारूनच टाकलं मले?"

त्यानं पाटी वाचली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे बापा! या हप्त्यात सात पाट्या लिहिल्या... हात आपल्या मनानंच चालला."

मी पोट धरून हसले. हसता हसता रडूच फुटलं, खालीच बसले. "आन् खरं झालं तर? गुरुवारी रिपोर्ट हाय, निकेश."

तो रॉकेलच्या फडक्यानं तो शब्द पुसत राहिला, खालचा पत्रा दिसेपर्यंत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "रिपोर्ट कसाबी येऊ दे. माह्यं मन हाय तुह्यावर. गुरुवारी मी येतो."

मी डोळे पुसले आणि टेकडी उतरायला लागले.

गुरुवारी मी आईसोबत गेले, तर तो खरंच दवाखान्याच्या बाकावर बसलेला होता. गाठ लहान झाली होती, पण गेली नव्हती.

"चार डोस अजून," मी म्हटलं. "तू जा. मी रागावणार नाई."

"चार म्हणजे उन्हाळाभर. दुकान दुपारी उघडीन."

"मी वाचीन याची गॅरंटी कोणी देत नाई रे!"

"म्या मागितली का?"

मग मला राहवलंच नाही. "आवडतोस मले," म्हटलं, "पण लई भीती वाटते..."

"मलेबी वाटते," तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्यांदा माझा हात धरला. आई औषधं घेऊन समोर येऊन उभी राहिली, तरी आम्ही दोघांनीही हात सोडला नाही.