न लपवलेला चट्टा

धाराशिवच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एकच संडास होता, आणि सकाळी साडेआठला शिवप्रिया आणि एक उंच, सडपातळ माणूस त्याच्या दाराशी एकदमच पोहोचले.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला.

"नक्की?"

"लवकर जा... माझा विचार बदलेल."

दोघांचीही त्या दिवशी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होती, आणि त्याआधी पोट धुऊन काढणारं खारट औषध दोन लिटर प्यायचं होतं. शिवप्रिया एसटीत कंडक्टर. भल्याभल्या भांडखोरांना पुरून उरणारी. पण तिसऱ्या ग्लासाला तिनं हात टेकले.

"नाक दाबा, जिभेवर लिंबू चोळा आणि एका दमात," शेजारच्या खाटेवरून तो म्हणाला. "मी कळंबला गुरांच्या दवाखान्यात असतो. म्हशीसुद्धा एवढे नखरे करत नाहीत."

"म्हशीला हे पाजून बघा... शिंगावर घेईल!"

त्याचं नाव भागवत. दहा वर्षांपासून आतड्याला सूज, मधूनच रक्त पडायचं, म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी ही तपासणी. हे सगळं त्यानं गावाचं नाव सांगावं इतक्या सहज सांगितलं.

"आणि लग्न?" तिनं उगाच ग्लासात बघत विचारलं.

"सात ठिकाणी पोहे खाल्ले. सातही ठिकाणी आजार आधी सांगितला. पोहे मात्र चांगले होते हं."

शिवप्रिया हसली, पण तिला स्वतःचं आठवलं. तिच्या आईला, नीलम्माला, छत्तिसाव्या वर्षी आतड्याचा कॅन्सर निघाला आणि वर्षात ती गेली. त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून मुलीनं तपासून घ्यावं, असं डॉक्टर फलक यांनी सांगितलं होतं. शिवप्रियाला गेल्याच महिन्यात सव्वीस वर्षं पूर्ण झाली होती... आणि जळकोटला, घरी, सोलापूरचं स्थळ येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात तिचे चुलते धोंडप्पा जिना चढून आले.

"ऊठ, घरी चल. पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर? आधी लगीन होऊ दे. तुला तर काय बी होत न्हाय."

"आईलाबी काही होत नव्हतं, अप्पा. कळलं तवा लई उशीर झाला."

"लोक काय म्हनतील?"

तिनं चौथा ग्लास उचलला, अप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवून घटाघटा रिकामा केला. "म्हणतील, पोरगी जगली."

अप्पा पाय आपटत गेले. भागवतनं आपला ग्लास तिच्याकडं बघून उंचावला. शिवप्रियाचे कान गरम झाले.

दुपारी तिला आत घेतलं. गुंगीच्या इंजेक्शननं डोळे जड झाले होते, पण पडदा दिसत होता. गुलाबी, ओली, स्वच्छ भिंत.

"साध्या उजेडात सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर फलक म्हणाल्या. "पण सपाट वाढ अशीच लपून बसते. आता निळा उजेड टाकते."

बटण दाबताच भिंत हिरवट-निळी झाली, शिरांची जाळी उमटली. आणि एका वळणावर, तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी चट्टा.

"हा बघ! मघाशी याच्याच शेजारून गेले होते." डॉक्टरांनी त्यावर निळा रंग फवारला. कडा उठून दिसल्या. बारीक तारेच्या फासानं त्यांनी तो तिथंच कापून काढला आणि तपासायला पाठवला.

भागवतच्या तर अख्ख्या आतड्यावर रंग फवारला. कुठंच काही निघालं नाही.

"उद्या संडासला निळं होईल, घाबरू नका," जाताना तिचा नंबर घेत तो हळूच म्हणाला.

"शी! पोरीशी असं बोलतात?"

"अनुभवाचे बोल आहेत..."

पुढचे आठ दिवस रोज सकाळी मोबाइलवर त्याचा एकच शब्द यायचा – 'रिपोर्ट?' नवव्या दिवशी तिनंच फोन केला. "कॅन्सर नाही. पण चट्टा तसाच राहिला असता तर काही वर्षांनी झाला असता. तीन वर्षांनी परत तपासायचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडताय?"

"सर्दी झालीय."

"खोटं."

"...हो."

रविवारी सोलापूरचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "तब्येत-बिब्येत बरी आहे ना?" अप्पांनी डोळे वटारले. शिवप्रियानं सगळं सांगितलं. आईचं, चट्ट्याचं, तीन वर्षांनंतरचं. कपबशा खाली ठेवल्या गेल्या. गाडी निघून गेली.

"आता तुला करनार कोन?" अप्पांचा आवाज चिरकला.

"मी करीन की, मला पाहिजे त्याला!"

दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी कळंबच्या गाडीवर होती. थांबा वीस मिनिटांचा. खाकी गणवेशातच ती तडक गुरांच्या दवाखान्यात गेली. भागवत खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हैस तपासत होता. हात आत, चेहरा लालबुंद.

"तुम्ही... इथं?"

"माझ्याशी लग्न करता का?"

"थांबा, हात तरी..."

"राहू द्या. गाडी सुटेल."

त्याचा चेहरा गंभीर झाला. "शिवप्रिया, माझं दुखणं जन्माचं आहे. कधी बरा असेन, कधी पडून."

"पडलात तर बसेन उशाशी. मला काही झालं तर तुम्ही बसा."

"आणि तुमचे अप्पा?"

"ओरडतील. मग पंगतीत पुढं बसतील."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दावं धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गजराबाईंना राहवेना. "अवं डाक्टर, व्हय म्हना की! म्हस गाभण हाय का न्हाय ते मागनं सांगा."

"गाभण आहे, मावशी," भागवत म्हणाला. त्याची नजर मात्र शिवप्रियावरून हलली नव्हती. "आणि... व्हय. शंभरदा व्हय."