यादीतलं एक बोट

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मी मोबाईलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर असते. नऊ वर्षं झाली. फोन आपोआप चालतो, आपोआप बोलतो, असं सांगणारी माणसं रोज येतात. मी सेटिंग उघडून दाखवते. दर वेळी काहीतरी साधं कारण निघतं.

एक वेळ सोडून.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरातला रविवार. भर दुपार. माझ्या मामांचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर.

मामा फर्निचरला पॉलिश करायचे. चाळीस वर्षं काचपेपर घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. फोन त्यांचं बोट ओळखायचाच नाही. म्हणून त्यांच्या जुन्या फोनमध्ये मामीचं बोट नोंदवलेलं होतं. मामा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि मामी भांडी घासता घासता ओल्या हातानं तो उघडून द्यायची.

"अहो, आणा इकडे. तुमचा फोन माझंच ऐकतो."

"घरात सगळेच तुझं ऐकतात. त्यात तो एक."

जूनमध्ये मामी गेली. साधा ताप म्हणता म्हणता चौथ्या दिवशी सगळं संपलं.

ऑक्टोबरात जुन्या फोनची बॅटरी फुगली. मी मामांना नवीन फोन आणून दिला. त्यांची दहाही बोटं लावून पाहिली. त्यानं एकही घेतलं नाही. शेवटी चार आकड्यांचा पिन ठेवला, दुपारी चारच्या गोळीसाठी अलार्म लावला आणि निघाले.

बोटांची यादी तेव्हा रिकामी होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

तीन आठवड्यांनी, त्या रविवारी, मी पुन्हा गेले.

"पिन लक्षात राहतो ना, मामा?"

"लागतच नाही गं."

"म्हणजे?"

"चारनंतर उघडाच असतो."

मला वाटलं, चुकून लॉक निघालं असेल. तपासलं. लॉक जागेवर होतं. मी फोन लॉक करून त्यांच्या हातात दिला. "उघडून दाखवा बघू."

त्यांनी तो टेबलावर ठेवला. "आत्ता नाही, चिमे. चार वाजू दे."

चार वाजले.

अलार्म वाजला. एकदा... दोनदा...

तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबला.

आम्ही दोघंही टेबलापासून चार हात लांब होतो.

फोन उघडलेला होता. काचेवर खालच्या बाजूला एक छोटासा डाग होता... ओला. माझ्यासमोर तो कडेनं वाळत गेला आणि नाहीसा झाला.

मामा उठले. गोळी घेतली. पाणी प्यायले. रोजचंच असल्यासारखं.

मी बोटांची यादी उघडली.

यादी रिकामी नव्हती.

'बोट १.'

बोटांचे ठसे एका फोनमधून दुसऱ्यात जात नाहीत. ज्या फोनमध्ये घेतले, त्याच्या पोटातच राहतात. हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा सांगते. आणि हा फोन खोक्यातून बाहेर आला, तेव्हा मामीला जाऊन चार महिने झाले होते.

मी मामांची बोटं लावली. नाही. माझी लावली. नाही. शेजारच्या काकूंना हाक मारली. "काय गं, आता माझ्या बोटांचीही चौकशी?" म्हणत त्यांनी हसत हसत सगळी बोटं टेकवली.

एकही नाही.

आणि मग माझ्यातली काउंटरवरची बाई जागी झाली. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा फोन. कोणीतरी घरात येतं, गोड बोलतं, पिन बघून ठेवतं, आपलं बोट नोंदवून जातं. अशा तक्रारी मी कितीतरी पाहिल्यात. काचेवरच्या ओल्या डागाकडे मी चक्क दुर्लक्ष केलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

"मामा, हे अनोळखी बोट आहे. काढून टाकते."

"अनोळखी कशावरून?" ते हळूच म्हणाले.

मी 'बोट १'वर टिचकी मारली.

"राहू दे ना, चिमे. त्रास तर काही देत नाही."

"बरं," मी म्हणाले.

ते चहा टाकायला आत गेले. मी 'काढून टाका'वर बोट ठेवलं. फोननं विचारलं, नक्की? मी 'हो' दाबलं.

यादी रिकामी झाली.

आतून मामांचा आवाज आला. "काय गं?"

"काही नाही. मी बोलले नाही."

"मग आत्ता 'अहो' कोण म्हणालं?"

ते गाळणं हातात धरूनच दारात आले होते. आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघून आले.

गुरुवारी काकूंच्या फोनवरून मामांचा फोन आला.

"चार दिवस अलार्म नुसता वाजतोय. थांबतच नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तू तिला काढलंस का गं?"

मी दुकानातच रडले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी.

पुढच्या रविवारी मी सकाळीच गेले. नवीन बोट नोंदवायचं पान उघडलं आणि फोन टेबलावर ठेवला. अक्षरं आली... 'बोट ठेवा.'

आम्ही दोघं समोर बसून राहिलो. मामांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

थोड्या वेळानं ते पान आपोआप बंद व्हायचं. मी पुन्हा उघडायचे. पंधरादा झालं असेल. वीसदा.

"रागावली असेल," मामा म्हणाले. "अबोला धरला की तिला कोण समजावणार?"

मला राहवलं नाही. "मामी, चुकलं माझं," मी म्हणाले. टेबलाकडे बघून.

काहीच झालं नाही.

मग... फोन थरथरला.

आमच्या दोघांचेही हात मांडीवर होते.

पडद्यावर बोटासाठी आखलेल्या गोलाचा एक बारीक तुकडा हिरवा झाला. अक्षरं बदलली... 'बोट उचला. पुन्हा ठेवा.'

मामा पुढे वाकले. मीही.

अक्षरं तशीच राहिली.

'बोट उचला.'

पुन्हा थरथर. 'बोट उचला.'

"उचल गं," मामा पुटपुटले. "असं दाबून धरून नाही चालत. फोन म्हणतो तसं कर."

त्यांनी हात पुढे केला. फोनला लावला नाही. फोनच्या जरा वर, हवेतच धरला, कोणाच्या तरी हातावर ठेवावा तसा. तो हात थरथरत नव्हता. मामांचा हात गेली कित्येक वर्षं थरथरतो.

'बोट उचला.'

शेवटी पान बंद झालं. 'वेळ संपली. बोट नोंदवता आलं नाही.'

त्यानंतर पुन्हा कधीच काही घडलं नाही.

याला सात महिने झाले. मामांना पिन आता तोंडपाठ आहे. रोज ते स्वतःच ते पान उघडतात आणि फोन टेबलावर ठेवून बसतात. मला फोन केला की विचारतात, "कंपनीला विचारलंस?"

"विचारलंय, मामा," मी सांगते.

मी कोणालाच विचारलेलं नाही. काय विचारणार?

काउंटरवर मी अजूनही लोकांना यादी उघडून दाखवते. नको असलेलं बोट मात्र त्यांचं त्यांनाच काढायला सांगते.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही इतकं सांगत होतो, फोन सांगत होता, तरी मामीनं बोट उचललं का नाही?

तिला कळलं नसेल का?

की एकदा उचललं तर परत ठेवता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं?