उताराचं वजन

इंजिन खोबऱ्याच्या वाटीएवढंच होतं. डॉ. शरयू दाभोळे ते सायकलच्या मागच्या हबमध्ये, चाकाच्या मधल्या तुंब्यात, बसवत होती.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून कावळटोक दिसत होतं. त्या डोंगराची कड कालपासून सरकत होती. जीपचा रस्ता ढासळून पायवाटेएवढा उरला होता, धुक्यामुळे हेलिकॉप्टर उठत नव्हतं, आणि माथ्यावरच्या भूकंपमापन केंद्रात तिचे वडील एकटे होते. अप्पांचे गुडघे कधीच गेलेले. संध्याकाळच्या आत कड खाली येणार, हे सकाळी वायरलेसवर त्यांनीच सांगितलं होतं, दुसऱ्याच कुणाची बातमी द्यावी तसं.

सायकलही अप्पांचीच. जाड टायर, रुंद वळणदार हँडल, स्प्रिंगची सीट. एका परदेशी भूशास्त्रज्ञाने मायदेशी जाताना दिलेली जुनी क्रूझर. तिला हाताचा ब्रेक नाही. पेडल उलटं दाबलं की मागचा हबच चाक आवळतो. त्या ठोकळेबाज हबमध्येच प्रतिकालिक इंजिनाचं वेटोळं मावत होतं. नव्या सायकलींचे हब अगदीच हडकुळे.

"नियम बोलून दाखव," फिरोज म्हणाला. डॉ. फिरोज इनामदारने या इंजिनाचं गणित मांडलं होतं.

"उतारावर ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा हे इंजिन भूतकाळात पाठवतं. उतरताना जेवढी देणार, तेवढीच आता चढताना मिळणार."

"आणि मिळालेली द्यावीच लागते." फिरोजने प्लास्टरमधला हात वर केला. चाचणीच्या वेळी तो हट्टाने ब्रेक न दाबता उतरला होता. अर्ध्यात चेन अडकली, हब आपोआप आवळला आणि स्वारी खडीवर. हिशेब मात्र पुरता जुळला होता. "तिथे खडी होती. कावळटोकावर दरी आहे."

शरयू निघाली. पहिल्याच चढावर सायकल अशी उसळली, की हँडल हातातून निसटता निसटता राहिलं.

"फिरोज, जोर फार आहे. माझ्या एकटीच्या उताराचा नाही हा."

फिरोजने समोरचं, इंजिनाशी जोडलेलं मीटर पाहिलं आणि तो तिच्या कानातल्या यंत्रातून बोलला. "ठरावीक वेगाने उतरलं तर ब्रेकची ऊर्जा वजनावर ठरते. मीटरप्रमाणे येताना तुझ्यामागे साठ किलो असणार आहेत."

अप्पा! शरयूला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. पण पुढच्या वळणावर ते हसू मावळलं. ब्रेकला वजन कळतं, श्वास कळत नाही. उरलेला घाट तिने त्या एका विचाराशी झटत पार केला.

अप्पा जिवंत होते. नुसते जिवंत नव्हते, कामात होते. त्यांनी आयुष्यभर खपून बनवलेला कंपनमापक पेटीत भरून दोरीने बांधला होता.

"आलीस? ही ने. मी मागून चालत येतो."

"कुठल्या पायांनी?"

अप्पांनी सायकलच्या हबकडे पाहिलं. इंजिनाचा नियम फिरोजने त्यांना वायरलेसवर सांगितला होता. "इंजिन किती दाखवतंय?"

"साठ."

दगडांचे नमुने तोलायचा काटा दारातच टांगलेला होता. अप्पांनी शरयूला हात लावायला सांगून पेटीची दोरी त्याला अडकवली. साठ. मग स्वतः काट्याला लोंबकळून दाखवलं. अठ्ठेचाळीस.

"बघ. ठरलंय ते. विज्ञानापुढे हट्ट नको, शरू."

पायाखालची जमीन गुरगुरली. खिडकीची काच तडकली. शरयूला त्यांचा असा राग आला, की डोळ्यांपुढे अंधारी आली. हा माणूस स्वतःचं मरणसुद्धा तोलून मापून दाखवत होता. आणि त्या रागातच तिला हवं ते दिसलं.

तिने पेटी उघडली, कंपनमापकाच्या लंबकाचा शिशाचा गोळा उपसून काट्याला लावला. बारा.

"हा मांडीवर घ्या आणि मागे बसा."

"अगं, पण पेटी..."

"इंजिनाने वजन मागितलंय. कशाचं, ते विचारलेलं नाही."

"आणि हे सगळं इथेच टाकू?"

"अप्पा, तुम्ही बसला नाहीत तर मीही उतरणार नाही. मग ब्रेकचा हिशेब दरीत कसा पुरा होतो ते दोघं मिळून बघू."

अप्पांनी एकदा पेटीवरून हात फिरवला. मग त्यांनी गोळा पोटाशी धरला आणि कुरकुरत कॅरिअरवर बसले.

वळणामागून वळण ती पेडल उलटं दाबत उतरली. मागे कड कोसळल्याचा आवाज झाला, तेव्हा चाकं सपाटीला लागली होती.

पायथ्याशी येऊन थांबलेल्या फिरोजने मीटर पाहिलं. "देणं शिल्लक शून्य."

अप्पा गोळा धरून तसेच बसून होते. "म्हणजे पहिल्यापासून मीच येणार होतो?"

"ते इंजिनाला माहीत नव्हतं," शरयू म्हणाली. "पेटी आली असती, तरी शून्यच आलं असतं."

अप्पांनी कावळटोकाकडे पाहिलं. माथा होता तिथे आता धूळ होती. मग त्यांनी गोळा तिच्यापुढे केला.

"धर. जड आहे," ते म्हणाले, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.