सुंदराबाईंच्या नावाचा डबा

"पासपोर्ट गेला कुठी? त्याले का पाय फुटले?" मनोजकाका ओरडले.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, अंगणात घासायला काढलेल्या डब्यांचा ढीग आणि त्यात हा गोंधळ! लुसिया अर्जेंटिनाची. शाळेचं एक वर्ष ती अमरावतीत रागिणीच्या घरी राहायला आली होती. अशा पाहुण्या मुलांची सगळी व्यवस्था मनोजकाका बघत. उद्या पोलीस कार्यालयात लुसियाचा पासपोर्ट दाखवायचा होता.

"संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तं हिले अकोल्याच्या दुसऱ्या घरी हलवतो! इथं लक्षच नाही कोनाचं," असं बजावून काका निघून गेले.

रागिणी तिच्या बाबांकडे, किसनरावांकडे धावली. तिला बहीण नव्हती. लुसिया आल्यापासून होती.

"बाबा, नीट आठवा! सांभाळून ठेवतो म्हणून तुमीच घेतला होता."

किसनरावांनी डोकं खाजवलं. मोठी माणसं वस्तू इतकी सांभाळून ठेवतात, की ती त्यांनाच सापडत नाही.

"चोराले समजू नये म्हणून... डब्यात ठेवला होता! डाळीच्या रिकाम्या डब्यात!"

रागिणी आणि तिचा धाकटा भाऊ शिवम अंगणात धावले. खडाखड झाकणं उघडली. एकात धणे, एकात झुरळ! पासपोर्ट कशातच नाही.

"ताई, सुंदराआजी सकाळी माह्याशी बोललीच नाही," शिवम म्हणाला. "मले पाहून दार लावलं!"

हे मात्र नवल होतं. शेजारच्या सुंदराबाई एरवी रस्त्यावरच्या कुत्र्याचीही चौकशी करत. रागिणीनं डब्यांकडे पाहिलं. एकावर मामाचं नाव, दुसऱ्यावर आत्याचं. वास्तुशांतीला ज्यानं भांडं दिलं, त्याचंच नाव कोरलेलं! सुंदराबाईंचं नाव मात्र कुठंच नव्हतं.

"लुसिया! यातला एखादा डबा तू कोनाले देल्ला काय?"

"हो," लुसिया म्हणाली. मराठी वाचता येऊ लागल्याचा तिला केवढा अभिमान! "त्यावर सुंदराबाईंचं नाव होतं. म्हणून काल डबे काढताना त्यांना परत दिला."

"अगं माय! तो त्यांनी भेट देल्ला होता! भेट वापस केली म्हणून रुसल्या त्या!"

लुसियाचा चेहरा एवढासा झाला. "मग आता मागायचा?"

"मागून नाही भेटणार. मनवावं लागीन. चल!"

सुंदराबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"आजी, चिवडा कशात भरू?" रागिणीनं बिचारं तोंड केलं. "दुसऱ्या डब्यात मऊ पडते. तुमच्या नावाचाच पायजे!"

"आता कावून आठवला? हौसेनं देल्ला होता म्या! रागानं उघडूनबी नाही पाहिला."

लुसियानं कान पकडले. "आजी, माझी चूक. मला वाटलं, ज्याचं नाव त्याचा डबा."

सुंदराबाई पाघळल्या. डबा माळ्यावरून खाली आला, शिवमनं झाकण काढलं आणि आत पासपोर्ट!

संध्याकाळी तो मनोजकाकांच्या हातात ठेवायला सुंदराबाई स्वतः आल्या.

"शाबास रे पोरांनो!" काका म्हणाले. "पण असं निष्काळजी घर..."

"पोरगी दुसऱ्याची वस्तू घरात ठेवत नाही, अशी इमानदार! ती कावून जाईन?" सुंदराबाई कडाडल्या. "पासपोर्ट हरवला किसनरावनं. त्यालेच न्या अकोल्याले!"

काकांसकट सगळे हसले. लुसियाला त्या भरभर बोलण्यातलं 'अकोला' तेवढं कळलं आणि तिनं रागिणीचा हात घट्ट धरला.

"तू नाही गं," रागिणी म्हणाली. "बाबा!"