तिकडे तोंड करा

अकरा ओल्या चड्ड्यांची पिशवी हातात घेऊन कुणी प्रेमात पडायला निघत नाही. तीही निघाली नव्हती. ती चांगली कंबर कसून भांडायला निघाली होती.

बालवाडीचा सगळ्यात धाकटा वर्ग तिच्याकडे. सोळा मुलं, अडीच-तीन वर्षांची, नुकती डायपरमधून सुटलेली. शू लागली की सांगायचं, आपली आपण चड्डी खाली करायची, बसायचं, पुसायचं, हात धुवायचे – हे सगळं शिकवता शिकवता तिच्या नाकी नऊ आले होते. चार महिन्यांनी कुठे गाडी रुळावर येते आहे, तोच गणवेशाच्या नव्या चड्ड्या आल्या. दिसायला काय देखण्या! कमरेला पट्टा, पुढे तीन बटणं, वर एक हूक. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा मुलं बाथरूमच्या दारात ओली झाली.

"काका कुठे आहेत?" तिने टेलरच्या दुकानात शिरताच विचारलं.

मशीनवरून वर आलेली मान काकांची नव्हती. "काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी पुतण्या. ते हिंडूफिरू लागेपर्यंत दुकान मी बघतोय."

गळ्यात टेप, कानावर पेन्सिल... आणि डोळे असे की, भांडायला आलेल्या माणसाने पाठ केलेली दोन वाक्यं विसरून जावीत. ती विसरली. मग स्वतःवरच चिडून तिने पिशवी काउंटरवर ठेवली.

"या तुम्ही शिवल्यात?"

"हो. आवडल्या?"

"फार. जाड हातमोजे आहेत का तुमच्याकडे?"

दुरुस्तीला आलेले लोकरीचे होते. तिने ते त्याला घालायला लावले, एक कोरी चड्डी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "बटणं उघडा. मी दहा म्हणायच्या आत. आणि एका पायावर उड्या मारत."

तो बिचारा उठला. खरंच उड्या मारू लागला. पहिलं बटण निघालं तेव्हा ती आठवर होती.

"दहा," ती म्हणाली. "झाली शू."

तो धापा टाकत टेबलाला टेकला. "लहान मुलांचे हात असे असतात?"

"असेच. आणि घाई तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त."

त्यावर तो हसला, आणि सांगायचं तर भांडण तिथेच संपलं. "मला बघायला यावं लागेल," तो म्हणाला. "न बघता शिवलं, तीच चूक झाली."

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला तेव्हा गुडघे पार हनुवटीला भिडले. तिने मुलांना कपड्यांवरूनच चड्ड्या घालायचा-काढायचा खेळ लावला. तो वहीत काहीबाही टिपत राहिला. मुलं अंगठे कुठे घालतात, कुठे अडतात, पुढचं मागे कसं करतात... मध्येच त्याची नजर वहीवरून उठून तिच्याकडे जायची. तिला ते दिसायचं, आणि मग नेमकी पुढची सूचना आठवायची नाही.

नव्या चड्ड्या आल्या त्या रुंद, मऊ इलॅस्टिकच्या. दोन्ही बाजूंना अंगठा अडकवायला एकेक कापडी कडी. पुढची बाजू कळावी म्हणून पोटावर लाल दोऱ्याचा मासा. मुलांनी माशाला नमस्कार केला, कड्या ओढल्या आणि सपकन मोकळी झाली. तिला तर त्या टेलरला मिठीच मारावीशी वाटली. अर्थात तिने फक्त "बरं जमलंय" म्हटलं.

तो दर आठवड्याला चार-पाच चड्ड्या घेऊन यायचा. पण सोळा मुलांच्या चड्ड्या अशा कितीशा असणार? आणि काकांचा गुडघा बरा झाला की तो जाणार होता. दूरच्या शहरात एका कारखान्यात त्याची नोकरी पक्की झाली होती. हे त्यानेच सांगितलं, खाली बघत. त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. एका दुपारी मुलं झोपलेली असताना तिने कात्री घेतली आणि दोन चांगल्या चड्ड्यांची शिवण उसवली. अगं बाई, कसलं हे वेड! पण उसवली.

"दोरा तर चांगला होता," तो शिवण निरखत म्हणाला.

"मुलं ओढतात हो."

"कात्रीने ओढतात?"

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याने मात्र चड्ड्या गुपचूप पिशवीत टाकल्या. पाच मिनिटांच्या त्या कामाला त्याने चार दिवस लावले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन उसवलेल्या चड्ड्या तितक्याच गुपचूप घेऊन गेला.

रोज सकाळी ती मुलांना बजावायची, "वाटलं की लगेच सांगायचं. थांबून राहिलं की पंचाईत होते." आणि स्वतः? स्वतःच्या तोंडाला कुलूप. महिना संपत आला तरी ते उघडेना.

काका पुन्हा दुकानात बसू लागले. त्याच्या शेवटच्या दिवशी बारीक पाऊस होता. बाथरूममध्ये ती ठमीपाशी उभी होती. ठमी म्हणजे वर्गातली सगळ्यात हट्टी बाई. शाळेत तिने कधी म्हणजे कधी शू केली नव्हती. घरी जाईपर्यंत लाकडासारखी ताठ बसून राहायची. आज पहिल्यांदा स्वतःहून आत जाऊन तिने बुटकं दार लावून घेतलं होतं.

"ताई, तिकडे तोंड कर. बघू नको. टाळ्या पण नको."

ताई भिंतीकडे वळली. म्हणजे इतके दिवस आपण समोर उभं राहून टाळ्या वाजवत होतो, तेच हिला नको होतं तर!

तेवढ्यात मागे पावलं वाजली. "उद्या सकाळची गाडी आहे," त्याचा आवाज आला. "म्हटलं, सांगून जावं..."

"कोण आलं?" आतून प्रश्न.

"चड्डीवाले काका."

"त्यांना पण तिकडे तोंड करायला सांग."

तो निमूट तिच्या शेजारी येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर पांढऱ्या फरश्या. वर झरोक्याच्या काचेवर पावसाची टिपटिप. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा ऊबदार वास येत होता. बोलण्यासारखी हीच एक वेळ उरली होती.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"भिंतीला सांगताय?"

"तुम्हाला. तुमच्याकडे बघून जमलं नसतं."

"कारण... कारखान्याला काहीतरी कारण कळवावं लागेल ना."

"कळवा की इथे एकीला तुम्ही आवडता. फार आवडता. तुम्ही गेलात तर तिला रोज रडू येईल."

झरोक्यावर पाऊस तेवढा वाजत राहिला. तिने विचारलं, "ऐकलंत ना?"

"ऐकलं." मग अगदी हळू, "अख्खी गल्ली तुम्हाला ताई म्हणते. मी एकदा तरी म्हणालो? पहिल्या दिवसापासून जीभ चावतोय. तुम्ही 'थांबा' म्हणायची वाट बघत होतो मी..."

भिंतीकडे बघता बघताच दोन हात एकमेकांना सापडले.

"वळू का आता?" त्याने विचारलं.

"नाही," आतून ठमी.

आणि मग, त्या शांततेत, एक बारीकशी धार वाजू लागली. दोघांनी श्वास रोखला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कशाकशाचं म्हणून सांगणार?

"झालं. मी पुसलं. पुढून मागे." फ्लश झाला. ठमी चड्डी वर ओढत बाहेर आली, आणि दोघांच्या गुंफलेल्या हातांकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाथरूममध्ये आधी हात धुवायचे असतात," ती म्हणाली. "मग धरायचे."

गुडघ्याएवढ्या नळाखाली तिघंही उकिडवे बसले. ठमीने दोघांच्या तळव्यांवर साबण चोळला, बोटांच्या फटींतही.

"कारखान्याला पत्र कधी लिहिताय?" ताईने त्याला विचारलं.

"हात वाळले की लगेच," तो म्हणाला, आणि ओले हात त्याने पुन्हा तिच्या हातात दिले.