यकृताला नकार

पहिल्याच दिवशी प्रणोतीला कळलं, की ती मूत्रपिंड आहे.

गोरखपूरच्या बाजारात, मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत जगन्नाथ सरांचा इंग्रजी शब्दांचा क्लास चालायचा. सरांचं म्हणणं असं, की कठीण शब्द पाठ करायचे नसतात, त्यांची ग्रीक आणि लॅटिन मुळं उकरायची असतात. आणि शरीराचे शब्द जन्मभर लक्षात ठेवायचे असतील, तर स्वतःच शरीर व्हायचं. म्हणून दारातून येणाऱ्या प्रत्येकाला सर एक अवयव द्यायचे. त्यानंतर वर्गात खरं नाव बंद. ज्याच्या तोंडून स्वतःचं किंवा दुसऱ्याचं नाव निघेल, त्याने अख्ख्या वर्गाला समोसे खाऊ घालायचे.

प्रणोती पोचली तेव्हा हृदय गेलं होतं, मेंदू गेला होता, डोळेही गेले होते.

"तुम नेफ्रो," सर म्हणाले. "ग्रीक में किडनी. बैठो."

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या बाकावरची एक मान वळली. कुरळे केस, ओठांच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेलं हसू...

"मराठी काय? मी हेपॅटो. लिव्हर. मलाही उशीर झाला होता."

उशिरा आलेल्यांची मैत्री लवकर होते. क्लास सुटला की दोघं खाली दुकानापाशी थांबायचे. तो अमरावतीहून नोकरीसाठी नवाच आलेला, खव्याच्या जलेबीने पुरता बिघडलेला.

"हृदयाचा भाव लोकांनी उगाच चढवून ठेवला," तो एकदा म्हणाला. "इंग्रजीतलं करेज लॅटिन 'कोर'मधून आलं, म्हणजे हृदयातून. ठीक आहे. पण आपले हिंदीवाले हिंमतीला काय म्हणतात? जिगर! म्हणजे लिव्हर. म्हणजे मी."

"अच्छा! आणि मराठीत?"

"मराठीत तर मी काळीज आहे..." तो जलेबीकडे बघत म्हणाला. "तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. पाक मनगटावर ओघळला, तेही तिला कळलं नाही.

"आणि मी कोण मग? नुसती गाळणी?"

"तू माझ्या सगळ्या गोष्टी गाळून फेकून देते. एखादीच ठेवते."

"कोणती ठेवली सांग बरं?"

"ते तर मीच विचारून राहिलो..."

अशा सगळ्या गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं. आधी नियम होता म्हणून, आणि मग फारच उशीर झाला म्हणून. आता विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवून, हात धुताना नवरदेव कोण म्हणून विचारणं. फोनमध्ये तो 'हेपॅटो लिव्हर' होता. तिथून त्याचे 'पोचलीस का?' असे मेसेज यायचे, आणि एका अवयवाला आपली इतकी काळजी, या विचाराने तिला झोप लागायची नाही.

जानेवारीत जवळच्या पाटण गावचा मटार आला आणि त्याच्याबरोबर स्थळही आलं.

"विभावरी मावशीने आणलंय," शेंगा सोलता सोलता आई म्हणाली. "मुलगा चांगला आहे. फोटो तर बघ."

"नाही बघायचा. मला... एक मुलगा आवडतो."

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. "कोण?"

"हेपॅटो."

"साऊथकडचा आहे?"

"मराठीच आहे गं. खरं नाव माहीत नाही. यकृत आहे."

आईने शेंग खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुलगी तीच होती.

"लिव्हरचा त्रास आहे का त्याला?" तिने शेवटी हळूच विचारलं.

नकार कळवायचं काम मावशीकडे आलं. खरं कारण कधी सांगायचं नसतं, अशी मावशीची पद्धत. शिवाय मुलीचं यकृतावर प्रेम आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिने सुचलं ते कळवून टाकलं: मुलीला मुलाची उंची कमी वाटली.

दुसऱ्या दिवशी हेपॅटो दुकानाच्या वरच्या पायरीवर उभा होता. खाली उतरायलाच तयार नव्हता.

"काहून तिथे चढून बसलास?"

"मी बुटका वाटून राहिलो का?" त्याने गंभीरपणे विचारलं. "खरं सांग."

"काय झालं?"

"आईने मला न विचारता एका घरी स्थळ पाठवलं. मी नाही म्हणणारच होतो. मला दुसरीच कुणी..." तो थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि घाईघाईने पुढे गेला. "पण त्याच्याआधी तिनेच नाही म्हटलं! म्हणे उंची कमी! माझा फोटो बसलेला होता यार!"

"कोण ही बावळट?" प्रणोती भडकली. "समोर आण माझ्या. स्वतःला समजते काय? एकदा सापडू दे—"

"कुणी प्रणोती आहे. मधे कुणी विभावरी मावशी."

जलेबी प्लेटीत पडली. मग प्लेट पडली.

"काय झालं?"

"क्लास सुरू झाला," ती म्हणाली आणि जिना चढून पळाली. क्लासला अजून बराच वेळ होता.

वर ती भिंतीकडे बघत बसली. सांगावं, तर ती बावळट आपणच. न सांगावं, तर उद्या त्याची आई दुसरी मुलगी शोधणार, आणि ती त्याला उंच म्हणणार. काळीज गेलं मग... कायमचं.

वर्ग भरला. सर फळ्याकडे वळले. "नेफ्रो! 'कोर' से एक शब्द बताओ."

प्रणोती उभी राहिली. "करेज."

"बैठो."

ती बसली नाही. "माझं नाव प्रणोती."

मेंदूच्या हातातलं पेन पडलं. गुडघा विनाकारण उभा राहिला. हृदय, ती एक जाडजूड मुलगी होती, "हाय राम!" म्हणून ओरडली.

"समोसे," सर यंत्रासारखे म्हणाले.

"ती बावळट मीच," प्रणोती पुढच्या बाकाला म्हणाली. "उंचीचं मावशीने ठरवलं. मी फोटो बघितलाच नव्हता."

त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता. "काहून नाही बघितला?"

"कारण मला लिव्हर पाहिजे होतं!"

पंखा बंद होता, तरी सगळ्यांना तो थांबल्यासारखा वाटला. सरांनी आजवर नाना तऱ्हेची वाक्यं ऐकली होती. हे त्यांच्यात नव्हतं.

हेपॅटो उठला. 

"मी राजस," तो म्हणाला. "आणि ज्या मुलीसाठी मी तुला नाही म्हणणार होतो... ती तूच आहेस."

"दोनों तरफ़ से समोसे," सर म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "अब बैठ जाओ, किडनी."

रविवारी तो घरी आला. दार उघडून आई जागच्या जागी खिळली.

"अगं, हा तर... नको म्हटलेला मुलगा!"

"हो," प्रणोती म्हणाली. "हेच यकृत."

आतून विभावरी मावशी आली. राजसचं डोकं दाराच्या चौकटीला लागता लागता राहिलं होतं. मावशीने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"चांगला उंच आहे की," ती तिळभरही न लाजता म्हणाली. "फोटो बसलेला होता."

आईने त्याला पाटावर बसवलं, जरा वेळ न्याहाळलं, आणि मटारची परात त्याच्यापुढे सरकवली.

"सोला," ती म्हणाली. त्या घरात पाहुण्याला चहा मिळायचा. शेंगा फक्त घरच्यांना.

दोघं परातीवर वाकले. शेंगांच्या ढिगात बोटांना बोटं लागली, आणि काढून घ्यायची कुणालाच आठवण राहिली नाही.

"ऐक ना," राजस कुजबुजला. "आता फोनमध्ये माझं नाव काय ठेवशील?"

प्रणोतीने आईकडे पाहिलं. मावशीकडे पाहिलं. मान आणखी खाली घातली.

"काळीज..." ती म्हणाली. "आता सोल."